ऑनलाईन इंडेंट सिस्टीम : मागणाऱ्याच्या बाजूनं रिव्ह्यू

आमच्या इथं बेळगावात एका युनिव्हर्सिटीत (नाव नको, नोकरी अजून शिल्लक आहे) खरेदीची ऑनलाईन सिस्टीम येऊन आता बरेच दिवस झाले, आणि निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्या कॉलेजातली मंडळी फोन करून विचारायला लागलीत की आमच्याकडं पण तसलंच काहीतरी येणार म्हणतात, कसं आहे, बरं आहे काय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी केमिस्ट्रीच्या लॅबमधला माणूस, म्हणजे इंडेंट (सामानाची मागणी) टाकणारा, मंजूर करणारा नव्हे. हे आधीच सांगतोय कारण मंजूर करणाऱ्यांना ही सिस्टीम लई आवडते, त्यांना विचारलात तर पाचात पाच देतील.

माझं मत थोडक्यात सांगायचं तर, फाईल कुठं आहे ते आता कळतं, सामान कधी येणार ते अजून कळत नाही.

आधी एक गैरसमज काढतो. ऑनलाईन झालं म्हणजे नियम सोपे झाले असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही. कर्नाटकात सरकारी पैशानं खरेदी म्हटली की १९९९ चा केटीपीपी कायदा (सरकारी खरेदीत पारदर्शकता ठेवायचा राज्याचा कायदा), तो पूर्वीही होता आणि आताही आहे, ठराविक रकमेच्या वर गेलं की टेंडर, ते टेंडर राज्याच्या केपीपीपी ह्या खरेदी पोर्टलवर, आणि प्रोजेक्टमध्ये केंद्राचा पैसा असला की जेमवरनं (केंद्राचा सरकारी ऑनलाईन बाजार) घ्या म्हणतात. आमची ही सिस्टीम ह्या दोन्हीच्या अलीकडची. म्हणजे डिपार्टमेंटनं मागायचं, एचओडीनं (विभागप्रमुखानं) पुढं पाठवायचं, स्टोअर्सनं शिल्लक बघायची, फायनान्सनं बजेट हेड (कुठल्या खात्यातनं खर्च) बघायचा, वरनं सँक्शन म्हणजे मंजुरी, मग पीओ म्हणजे सप्लायरला खरेदीची ऑर्डर. पूर्वी हेच सगळं कार्बन लावलेल्या इंडेंट बुकात आणि नोटशीटवर चालायचं, आता स्क्रीनवर चालतं. टप्पे तेवढेच आहेत, एक पण कमी झाला नाही, उलट एक वाढलाय, त्याचं पुढं सांगतो.

आता चांगलं काय ते आधी. इंडेंट टाकला की त्याला नंबर पडतो आणि त्याच्यापुढं एक ट्रेल दिसतो, कुणाकडं कधी गेलं, कुणी कधी उघडलं, कुणी क्वेरी मारून परत पाठवलं, सगळं तारीखवेळेसकट. हा एक कॉलम म्हणजे अख्ख्या सिस्टीमची किंमत वसूल. पूर्वी काय व्हायचं, फाईल कुठं आहे म्हणून विचारायला गेलं की "पुटअप केलीय" एवढंच उत्तर, कुणाकडं पुटअप, कधी, त्याला काही पत्ता नसायचा, आणि मग शिपाई मामांना विचारायचं, त्यांना मात्र बरोबर माहीत असायचं कुठल्या कपाटावर कुठल्या फाईलीखाली आहे ते. आता मामांची गरज नाही. आता मी सरळ म्हणू शकतो, मॅडम, तुमच्या लॉगिनला सोमवारपासनं आहे बघा. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. ज्युनिअर माणसाला हे किती मोठं आहे ते ज्यूनिअर असल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरा फायदा ऑडिटच्या वेळी, ऑडिटवाले आले की मागची बिलं शोधायला चार माणसं गठ्ठे सोडत बसायची, आता पीओ नंबर मारला की कोटेशन, कंपॅरेटिव्ह (दरांची तुलना), सँक्शन, बिल, सगळं एका जागी.

पण ह्याच ट्रेलमुळं एक मजा झालीय. सगळ्यांना कळलंय की आपल्याकडं किती दिवस पडून आहे ते दिसतं, म्हणून कुणाच्याच लॉगिनला फार दिवस पडत नाही, सोपा उपाय म्हणजे बारीकसं काहीतरी काढून परत पाठवायचं. "कृपया स्पेसिफिकेशन स्पष्ट करा." झालं, घड्याळ आमच्याकडं सुरू. महिन्याच्या शेवटी जो रिपोर्ट निघतो त्यात उशीर डिपार्टमेंटचा. व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपर, १२५ एमएम, शंभरचं पाकीट, ह्यात अजून काय स्पष्ट करायचं मला कुणी सांगा.

आता खरं दुखणं, आयटम मास्टर. म्हणजे कुठलीही वस्तू मागायची तर आधी तिचा कोड सापडायला पाहिजे. ही यादी जुन्या स्टॉक रजिस्टरवरनं कुणीतरी घाईत टाईप करून भरलीय हे उघड आहे, कारण २५० एमएलचा बीकर तीन ठिकाणी तीन स्पेलिंगनं आहे, आणि त्यातल्या एकाच कोडला रेट आहे, उरलेल्या दोघांना शून्य. बीकर सर्च केला तर येतो, बोरोसिल सर्च केला तर वेगळाच येतो, ग्लासवेअर म्हणून टाकलं तर कँटीनचे पाण्याचे ग्लास पण येतात. एआर ग्रेड (जास्त शुद्ध, अचूक मोजमापाला) आणि एलआर ग्रेड (साध्या लॅब कामाला) हा फरक मास्टरमध्ये कुठं नाहीच, तो रिमार्कमध्ये लिहायचा, आणि रिमार्क पीओवर छापून येत नाही. मग सप्लायर कुठलं पाठवणार? जे स्वस्त आहे ते. टायट्रेशनला एलआर घेऊन बसा मग, रीडिंग जुळत नाही म्हणून पोरं बिचारी परत परत ब्युरेट भरतात.

युनिटचा तर वेगळाच प्रकार. सिल्व्हर नायट्रेट २५ ग्रॅमच्या बाटलीत येतं, सगळ्या लॅबवाल्यांना माहीत आहे, पण मास्टरमध्ये घन केमिकल म्हणून युनिट किलो ठेवलेलं. दुसऱ्या एका डिपार्टमेंटकडनं पंचवीस आकडा टाकून इंडेंट गेला, एचओडीनं ओके केला, पुढं पण गेला, कुणाचं लक्ष नाही, सिस्टीमनं पण काही विचारलं नाही. अडवला तो स्टोअर्समधल्या काकांनी. सिल्व्हर नायट्रेटमध्ये वजनाच्या साधारण ६३.५ टक्के चांदी असते, म्हणजे पंचवीस किलोत जवळजवळ सोळा किलो चांदी झाली की. काकांनी फोन लावून विचारलं, "काय सर, शहापूरच्या सराफांना सप्लाय करूलालाय काय?" ऑफिसभर हसणं. पण हसून झाल्यावर विचार करा, एवढी वर्षं सांभाळलेलं ह्या काकांचं डोकं आहे म्हणून वाचलं, ते रिटायर झाल्यावर काय. सिस्टीममध्ये एक साधी वॉर्निंग टाकायला पाहिजे की मागच्या खरेदीपेक्षा शंभरपट मागताय, नक्की काय. एवढं तर भाजीच्या ॲपला पण जमतं.

सिल्व्हर नायट्रेटचाच विषय निघालाय तर, त्याचा रेट चांदीबरोबर हलतो. कोटेशनची व्हॅलिडिटी सप्लायर तीस दिवस देतो, सँक्शन यायला त्याच्यापेक्षा जास्त लागतात, तोवर चांदी वर गेलेली, सप्लायर म्हणतो ह्या रेटला परवडत नाही सर, पीओ कॅन्सल करा. पीओ कॅन्सल म्हणजे नवा इंडेंट, नवी कोटेशनं, पहिल्यापासनं. रिव्हाईज करायची सोय सिस्टीममध्ये आहे म्हणतात, बटण दिसतं पण, दाबलं की लिहून येतं तुम्हाला अधिकार नाही. अधिकार कुणाला आहे ते लिहून येत नाही.

सहीचं बोलतो. एचओडी आणि त्याच्या वरच्यांना ओटीपी किंवा डिजिटल सिग्नेचरचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची पेनड्राईव्हसारखी कांडी). डोंगल ऑफिसात, साहेब बेंगळुरूला मीटिंगला. ओटीपी बरा, पण आमच्या एचओडी मॅडमचं माहेर जांबोटीच्या पलीकडं, तिथं रेंज म्हणजे घराच्या मागच्या टेकावर चढल्यावर एक कांडी, गणपतीत त्या गावाला गेल्या की इंडेंट पण गणपतीलाच जातो. चार्ज दुसऱ्याला देता येतो, पण तो ऑनलाईन द्यायचा, आणि त्याला पण ओटीपी.

आता आमच्या भागाची खास अडचण, ही बेंगळुरूत सिस्टीम बनवणाऱ्याच्या ध्यानातच आली नसणार. केमिकल आणि ग्लासवेअरला आम्हाला कोल्हापूर जवळ, सव्वाशे किलोमीटरच्या आत, बेंगळुरू पाचशे. ॲसिडची काचेची बाटली कुरिअरवाला घेत नाही, त्यामुळं जवळचा सप्लायर म्हणजे सोन्याहून पिवळा, सकाळी गाडीत घालून निघाला की दुपारी लॅबच्या दारात. पण कोल्हापूरचा म्हणजे जीएसटी नंबर २७ नं (महाराष्ट्राचा कोड) सुरू होणारा, आमचा कर्नाटकचा २९, म्हणजे दोन राज्यांमधल्या खरेदीचा आयजीएसटी १८ टक्के लागायला पाहिजे, आणि सिस्टीम मात्र गुमान राज्यातल्या खरेदीचे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ धरून पीओ काढते. बेरीज सारखीच, पण बिल मॅच होत नाही, बिल मॅच नाही तर पेमेंट नाही. हेल्पडेस्कला फोन लावला तर तिकडनं प्रश्न, सर तुम्ही लोकल व्हेंडर का घेत नाही? अहो, आमचा लोकल तोच की! त्यांना नकाशा दाखवावा म्हणतो. पुढं त्यांनी व्हेंडरच्या फॉर्ममध्ये राज्य निवडायची सोय दिली, आता टॅक्स बरोबर लागतो, तेवढं त्यांचं कौतुक. बाकी बॉर्डर तापली की एसटी बंद, २०२२ च्या डिसेंबरात झालं तसं, मग बसनं येणारी बारकी पार्सलं तिकडंच अडकतात, त्याला सिस्टीम तरी काय करणार, पण "डिले रीझन"मध्ये त्याच्यासाठी पर्याय नाही, "अदर्स" निवडायचं.

त्यातनं शहराच्या नावाचा घोळ. २०१४ ला अधिकृत बेळगावी झालं, पण व्हेंडर मास्टरमध्ये जुन्या नावानं भरलेले वेगळे आणि नव्या नावानं भरलेले वेगळे, त्यामुळं खडेबाजारातला एकच स्टेशनरीवाला दोनदा आहे, एका एंट्रीत जुना बँक अकाउंट, एकात नवा. पैसे कुठल्यात जाणार ते कुठली एंट्री आधी दिसते त्याच्यावर.

टॅक्सवरनं आठवलं, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, एसी २८ वरनं १८ वर आला, वह्या १२ वरनं शून्यावर. ग्राहकाला बरंच झालं. पण ज्यांचे पीओ जुन्या दरानं निघालेले आणि माल नंतर आला त्यांचे हाल बघा, बिल पीओपेक्षा कमी, म्हणजे युनिव्हर्सिटीचा फायदाच, तरी सिस्टीम घेईना, कारण पीओ, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही आकडे जुळायला पाहिजेत म्हणून सेटिंग. कमी पैसे द्यायला पण सुधारित मंजुरी! आमच्या सेमिनार हॉलच्या एसीची फाईल त्यात लई दिवस लोंबली. एसी भिंतीवर लागून गार हवा मारत होता, आणि लावणारा आमच्या अकाउंट्सच्या दारात घाम पुसत बसलेला.

छोट्या माणसांचं सांगितलंच पाहिजे. उद्यमबागेत एक टर्नर आहेत, वॉटर बाथचं स्टँड असो, जुन्या व्हॅक्यूम पंपाचा शाफ्ट असो, नुसतं बघून करून देतात, कंपनीवाले जिथं नवाच घ्या म्हणतात तिथं हे दोन तासात चालू करून देतात. त्यांची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या आत, नुसती सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही, कायद्यानं काही चूक नाही. पण व्हेंडर फॉर्ममध्ये जीएसटी नंबरच्या रकान्यापुढं लाल चांदणी, म्हणजे भरायलाच पाहिजे. नंबर नाही तर पुढचं पान उघडत नाही. मग त्यांचं काम इम्प्रेस्टमधनं, म्हणजे रोखीत, म्हणजे ज्या व्यवहारात पारदर्शकता यावी म्हणून हे सगळं आणलं तेच व्यवहार बाहेर गेले. खडेबाजारवाल्या काकांनी पॅनकार्ड, कॅन्सल्ड चेक, उद्यम सर्टिफिकेट (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) सगळं पुतण्याकडनं अपलोड करून घेतलं, त्यांना पीओ आता ईमेलनं जातो, ते ईमेल बघत नाहीत, म्हणून मी पीओ आल्यावर फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकतो. पण एक गोष्ट ते स्वतः सांगतात, पूर्वी बिलासाठी अकाउंट्स सेक्शनच्या बाकावर येऊन बसायला लागायचं, दुकान पोराच्या भरवशावर टाकून, आता बिल पास झालं की मेसेज येतो. "बाक सुटला बघ," म्हणतात. त्यांच्या बाजूनं रिव्ह्यू लिहिला असता तर चांगला लिहिला असता.

कन्नड नोटशीटचा किस्सा. इंडेंटबरोबर जस्टिफिकेशनची टिप्पणी कन्नडमध्ये लागते, ऑफिसातले सगळे वर्षानुवर्षं नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाईप करतात, आणि नुडीच्या जुन्या फाँटातलं कॉपी करून सिस्टीमच्या रकान्यात पेस्ट केलं की सगळं इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं होऊन बसतं, कारण सिस्टीमला युनिकोड लागतं. पहिले काही दिवस वरच्या साहेबांनी तसलंच कडबोळं मंजूर केलं, वाचून मंजूर करतात काय ह्याचं उत्तर त्यात मिळालं. आता आमचे एफडीए (ऑफिसातले क्लार्क) कन्व्हर्टरमधनं घालून देतात. आम्ही मराठीवाले इंग्रजीत टिप्पणी लिहितो आणि त्यांच्याकडनं कन्नड करून घेतो, बदल्यात त्यांच्या पोरीचा केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट आमच्याकडं, असं चाललंय, कुणाची तक्रार नाही.

मघाशी म्हटलं एक टप्पा वाढलाय, तो हा. सगळं ऑनलाईन झाल्यावर शेवटी सगळ्याची प्रिंट काढायची. इंडेंटची, कोटेशनची, सँक्शनची, पीओची, एक एक प्रत, सही शिक्का मारून फाईलला, कारण ऑडिटला हार्ड कॉपी लागते म्हणून कुणीतरी सांगितलंय. कुणी सांगितलं ते ट्रेलमध्ये नाही. आणि माल आला की नोंद तीनदा, सिस्टीममध्ये, स्टॉक रजिस्टरात पान नंबर घालून, आणि माल जेमवरचा असला तर तिथं परत क्रॅक (माल मिळाला आणि स्वीकारला ह्याचं सर्टिफिकेट) काढायचं, ते दहा दिवसात काढायचं असतं, नाहीतर सप्लायरचे फोन सुरू. जेम २०१६ पासनं चालू आहे, त्यात मागणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा ह्यांची लॉगिनं वेगवेगळी ठेवलीत, ते डोकं लावून केलंय. पण आमची सिस्टीम आणि जेम एकमेकांशी बोलत नाहीत, इथला इंडेंट बघून तिथं सगळं नव्यानं टाईप. निदान आयटमचं नाव तरी तिकडनं इकडं यावं.

मार्चचं वेगळं काय सांगू. ३१ मार्चच्या आत ग्रँट खर्ची पडली नाही की लॅप्स, म्हणून वर्षभर झोपलेली डिपार्टमेंटं पण फेब्रुवारीच्या शेवटी एकदम जागी होतात आणि सिस्टीम गोल गोल फिरत बसते. रात्री अकरानंतर चांगली चालते. त्या दिवसात आमचे अर्धे इंडेंट घरी जेवण झाल्यावर टाकलेले असतात, बायको विचारते कुणाशी चॅटिंग चाललंय, म्हटलं स्टोअर्सशी.

हेल्पडेस्कबद्दल वाईट बोलणार नाही. पोरं चांगली आहेत, कन्नड-इंग्रजी मिसळून बोलतात, आपलं मोडकं कन्नड पण ऐकून घेतात, तिकीट नंबर देतात. फक्त ती पोरं लिहून घेणारी आहेत, बदल करणारी दुसरीकडं कुठंतरी बसतात, आणि दोघांच्या मध्ये बहुतेक जुनी पद्धतच चालू असावी.

स्टार विचारलात तर पाचात तीन. त्यातले दोन त्या ट्रेलचे आहेत. मोबाईलवर अर्धं पान दिसतं आणि सबमिटचं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं, त्यामुळं लॅपटॉप पाहिजेच.

तुमच्याकडं येणार असेल तर एवढं करा. आयटम मास्टर भरताना लॅबमधला एक माणूस तिथं बसवा, नुसता कॉम्प्युटर ऑपरेटर बसवू नका, आणि ग्रेड, पॅक साईझ आयटमच्या नावातच घाला, रिमार्कमध्ये नको. कोटेशन मागताना व्हॅलिडिटी नव्वद दिवसांची मागा, बरेच सप्लायर देतात, फक्त सिल्व्हर नायट्रेटला देणार नाहीत. बाहेरच्या राज्यातल्या सप्लायरचा पहिला पीओ निघाला की टॅक्सची ओळ स्वतः वाचा. वर्कशॉपवाल्यांसाठी जीएसटी नसलेल्या व्हेंडरचा पर्याय सुरुवातीलाच मागून घ्या, मागनं कुणी उघडून देत नाही. आणि पीओ निघाला की सप्लायरला फोन करा, ईमेल गेलाय म्हणून गप्प बसू नका.